हवाबंद पेटीतलं घड्याळ

मी घड्याळ बोलतोय. टिकटिक ऐकू येत नाही म्हणून इकडेतिकडे शोधू नका. मला काटे नाहीत, चावी नाही, लंबक नाही. माझ्या सहा काचेच्या नळ्यांत नारिंगी आकडे पेटतात. अख्ख्या पालघरात असं दुसरं घड्याळ नाही आणि माझ्या मालकांची अक्कल पाहता दुसरं होऊही नये.

मालकांचं नाव कमलाकांत. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चाललं होतं, तिथे ते तारा जोडायचे. तेवढ्यावर स्वतःला इंजिनियर समजायचे. १९६८ साली त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर माझा नकाशा काढला. नळ्या एका निकामी यंत्रातल्या, रीतसर चिठ्ठी करून आणलेल्या. ट्रान्झिस्टर मुंबईहून आले. ट्रान्सफॉर्मर मात्र घरातला रेडिओ फोडून काढला. रेडिओ त्यांच्या बायकोच्या, विजयाबाईंच्या माहेरचा होता. त्यांना विचारायची गरज ह्यांना वाटली नाही. लग्नातलं चावीचं घड्याळही मोडीत दिलं. "आता त्याचं काय काम?" म्हणाले.

माझं काम साधं. घरातल्या विजेचे सेकंदाला पन्नास ठोके पडतात, ते मोजायचे. टेबलावर उघडावाघडा होतो तेव्हा मी पंधरा दिवस बिनचूक चाललो. मालक येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून आत आणत. लोकही काय एकेक! आकडा चमकला की तोंडाचा आ करायचे. तो खरा की खोटा, एकानेही विचारलं नाही.

मग मला पेटी हवी झाली. सुतार गावात चार होते. पण मालकांना भारीतलं काम हवं, म्हणून ते सातपाटीला सुकाकडे गेले. सुका होड्या बांधणारा. त्याने सागाची पेटी केली, सांध्यांत कापूस ठासून राळ भरली, वरून माशाचं तेल चोपडलं. पुढे काच, तीही राळेत बसवलेली.

"थेंबभर पाणी आत जाणार नाय, सायेब," सुका म्हणाला.

सुकाला मी दोष देत नाही. तो आयुष्यभर पाणी बाहेर ठेवत आला, त्याने इथेही तेच केलं. पण मी काय समुद्रात जाणार होतो? माझ्या नळ्या तापतात आणि ट्रान्झिस्टरना ताप सोसत नाही, ते ठोके गाळायला लागतात. वारा हवा, हे त्या इंजिनियराला कळू नये? ते पेटीवर बोटं वाजवत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विजयाबाईंची बोईसरच्या एका शाळेत मुलाखत होती. मास्तरणीची जागा, तीन वर्षांनी निघालेली. गाडी सहा वीसची.

"आजची रात्र उघडंच राहू द्या ना," त्या म्हणाल्या.

"पंधरा दिवसांत सेकंद चुकला नाही. निर्धास्त झोप," म्हणत मालकांनी मला पेटीत कोंडलं आणि मनगटी घड्याळ बांधून रात्रपाळीला गेले.

आत माझा जीव घुसमटला. सकाळी बाई वेणी घालत होत्या. अंगणात ऊन आलेलं, तरी त्यांची नजर माझ्यावर. एवढी शिकलेली बाई! दारात मासळीची पाटी घेऊन बायडी आली.

"ताई, तुमी अजून घरात? बोईसरची गाडी तर गेली. फाटक बंद व्हतं, तिच्यापायीच थांबले ना मी."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "छे गं, सहाला दहा कमी आहेत." बायडीने डोळ्यांनी गाडी पाहिली होती, आणि बाईंनी विश्वास ठेवला माझ्यावर. तरी मनात पाल चुकचुकली आणि त्या स्टेशनाकडे पळाल्या; गाडी खरंच गेली होती. एस.टी.ने बोईसरला पोचल्या तेव्हा मुलाखती आटोपून जागा भरली होती.

मालकांनी परत आल्यावर पेटीला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. त्यांना सगळं कळलं. बाईंना मात्र म्हणाले, "रात्री विजेने घोळ घातला." बाई विहिरीवर गेल्या तेव्हा गुपचूप माझ्या पेटीला मागून बारा भोकं पाडली. असल्या माणसाच्या हातून मी जन्मलो, ह्याची मला लाज वाटते.

भोकांमुळे मी पुन्हा बिनचूक चालू लागलो. जूनमध्ये बेटेगावच्या शाळेत जागा निघाली. गाडी तीच. पाचलाच बाई तयार होऊन दारात उभ्या राहिल्या, बायडीची वाट बघत. बायडी त्यांना फाटकापर्यंत सोबत करणार होती.

"इतक्या लवकर कशाला?" मालक म्हणाले. "घड्याळ आता बरोबर आहे. बघ तरी."

"घड्याळावर माझा राग नाही," बाई म्हणाल्या. "त्याला कोंडलं होतं. तुम्ही पाडलेली भोकं मी त्याच दिवशी पाहिली. मला वाटलं, तुम्ही सांगाल."

बायडी आली. दोघी गेल्या.

तुमच्या घरात माझ्यासारखं काही बनलं, तर बनवणाऱ्याला त्याच्या चुका बोलून दाखवायला लावा; आकडे काय, कसेही चमकतात. मालक माझ्यासमोर येऊन बसले आणि माझ्याकडे बघत राहिले, जणू मी त्यांची बाजू घेणार होतो. मी पाच वाजून अकरा मिनिटं दाखवली. तेवढेच वाजले होते.