आवक क्रमांक बेचाळीस

आमचे पुंडलिकराव तहसीलीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, पण तहसील काही त्यांच्यातून निघाली नाही. वडनेरच्या आमच्या घरी कुठलाही कागद आला की आधी त्यांच्या हातात जातो. ते त्यावर आवक क्रमांक टाकतात, रजिस्टरात चढवतात आणि फायलीत लावतात. लग्नपत्रिकेलाही क्रमांक असतो. लग्नाला जायचं तेवढं राहून जातं.

उन्हाळ्यात गावात शिबिर झालं. बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी होती. मीही नमुना दिला. पुढे काही कळलं नाही, म्हणजे सगळं ठीकच असणार असं मी धरून चालले.

तीन महिन्यांनी बाजारात आशाताई मेघा भेटली.

"काकू, सावंगीच्या दवाखान्यात जाऊन आल्या का?"

"काऊन?"

"पत्र देलतं ना मी काकाजीजवळ! नमुन्यात दोष निघाला, महिन्याच्या आत दुर्बिणीची तपासणी करा म्हणून."

बाजार तसाच टाकून निघाले. घरी येऊन फाइल उघडली. आवक क्रमांक बेचाळीस. वर ठळक अक्षरांत माझंच नाव, शोभाबाई. खाली यांचा तांबड्या शाईतला शेरा: 'पाहिले.' मागे पंख्याचं गॅरंटी कार्ड लावलेलं.

"मले सांगतलं काऊन नाई?"

"नोंद केली ना म्या! अन् तुले कुठं दुखून राह्यलं? दुखलं असतं तं फाइल काढली असती."

छत्तीस वर्षं मी या माणसाला हुशार समजत होते. लाज वाटली ती माझीच.

दुसऱ्या दिवशी एकटीच सावंगीला गेले. डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतून पाहिलं, तपासायला बारीकसा तुकडा काढला, आणि म्हणाल्या, "फार उशीर केलात." फॉर्मवर फोन नंबर मी माझा लिहिला. मग दहा दिवस घास उतरला नाही. हे मात्र नव्या रजिस्टरात रेघा आखत बसले होते.

फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. कॅन्सर नव्हता. त्याच्या एक पायरी अलीकडे होतं, सोमवारी छोटं ऑपरेशन करून निघणार होतं. मी पिठाच्या हातांनीच खाली बसले आणि ढसाढसा रडले.

रडणं ऐकून हे दारात आले. तोंड पांढरं पडलं होतं.

"काय म्हणते दवाखाना? सांग ना!"

मी पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा पिठाला हात लावला.

"लेखी अर्ज द्या," मी म्हणाले. "तीन महिन्यांनी कळवीन."