हासेगावा-सानांचं समुद्रफूल

समुद्र माणसाचा अहंकार धुऊन काढतो, असं थोर लोक सांगत आले आहेत. जपानात ग्योतोकुला राहणाऱ्या गुरुनाथ आगाशेंच्या घरात जो समुद्र होता तो साठ लिटरचा होता, टीव्ही आणि चपलांच्या कपाटाच्या मधल्या जागेत बसवलेला होता आणि दर रविवारी त्याची काच घासावी लागे.

शिवाय तो आगाशेंचा नव्हता. तो त्यांच्या साहेबांचा, हासेगावा-सानांचा होता. साहेबांची काही महिन्यांसाठी फुकुओकाला बदली झाली. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, तुमची वाट बघेन, पण काच घासणार नाही. मग तोयोसुच्या ऑफिसात हासेगावा-सानांनी टीमकडे पाहिलं. टीमने स्क्रीनकडे पाहिलं. गुरुनाथ अजून पुरेसा जपानी झालेला नसल्यामुळे त्याने साहेबांकडे पाहिलं.

टाकीत पट्ट्यापट्ट्यांचे दोन मासे होते आणि एक समुद्रफूल. "मासे गेले तर गेले," हासेगावा-सान म्हणाले, "पण हे जर..." आणि वाक्य तिथेच सोडून त्यांनी चहा घेतला. जपानीत अर्धं सोडलेलं वाक्य पूर्ण वाक्यापेक्षा गंभीर असतं, एवढं गुरुनाथला कळत होतं.

त्यात त्याचा कायम वास्तव्याचा अर्ज तयार होता. अर्जाला हमीदार लागतो, आणि हमीदार म्हणून गुरुनाथने ज्यांना विचारलं होतं तेही हासेगावा-सानच. "फुकुओकाहून एकदा येईन तेव्हा बघू," असं ते म्हणाले होते. काय बघू, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. गुरुनाथने ते टाकी असं धरलं. म्हणजे बायको अनघाची नोकरी, मुलगी नुपूरची शाळा, घराचं कर्ज आणि पुढचं सगळं आयुष्य हे आता एका बिनहाडाच्या प्राण्याच्या प्रकृतीवर अवलंबून होतं.

प्राणी, फूल नव्हे. हिरवट-तपकिरी, दगडाला एका पायाने चिकटलेला, आणि भोवती बोटंच बोटं, प्रत्येक बोटाच्या टोकाला फुगा. फुगे ही याची ओळख, असं साहेबांनी बजावलं होतं. मधोमध तोंड. आत घ्यायचं ते तिथूनच, बाहेर टाकायचं तेही तिथूनच.

"म्हणजे आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी," गुणवंतराव म्हणाले.

गुणवंतराव हे अनघाचे वडील. पुण्याहून उन्हाळ्यापुरते आले होते. हयात पाणीपुरवठा विभागाच्या भांडारात माल तपासण्यात गेली. आलेला पाइप खरा की खोटा, हे नुसत्या टिचकीवर ओळखायचे, असं ते स्वतः सांगत. निवृत्तीच्या समारंभात विभागाने त्यांना तांब्याचा तांब्या दिला होता, नाव कोरून. तो घेतल्याशिवाय ते कुठे जात नसत. रात्री भरून ठेवायचा, सकाळी उपाशीपोटी प्यायचा.

"इतकी वर्षं झाली, बघा जावईबापू, एक काळा डाग नाही. लोकांची तांब्याची भांडी हिरवी पडतात. का? घासायची अक्कल नाही."

गुरुनाथ दर शनिवारी सुपरमार्केटच्या मशीनवर रांग लावून शुद्ध पाण्याचे कॅन भरून आणायचा. टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं; म्हणून रोज थोडी भर घालायची ती बिनमिठाच्या शुद्ध पाण्याची. गुरुनाथला सकाळी तोझाई लाइनची गाडी गाठायची असे, तेव्हा हे काम सासऱ्यांकडे आलं.

"यातलं सगळं काढून टाकलेलं असतं बाबा. क्षार, क्लोरिन, सगळं."

"मग उरलं काय?"

"पाणी."

"याला पाणी म्हणत नाहीत," पाणीपुरवठा विभाग म्हणाला. "हे पाण्याचं प्रेत आहे."

आणखी एक काम होतं, आठवड्यातून एकदा कोळंबीचा तुकडा चिमट्याने भरवायचं. आगाशेंच्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं. त्यामुळे कोळंबी एका डब्यात, तो डबा दुसऱ्या डब्यात आणि तो पिशवीत बांधून फ्रीजरच्या तळाशी होता. काळजीपोटी गुरुनाथ आठवड्याऐवजी रोजच भरवायला लागला होता. भरवून झालं की अनघा त्याला आंघोळीला पाठवी.

एका शनिवारी सकाळी समुद्रफूल आकसून लिंबाएवढं झालं. बोटं आत ओढलेली, फुगे गायब, कालची कोळंबी बाहेर. गुरुनाथ काचेला नाक लावून बसला.

"अनघा, त्याचं तोंड उघडं आहे."

"तुझंही आहे."

"अगं, तोंड उघडं म्हणजे शेवटची पायरी! लिहिलंय इथे. मेलं की टाकी नासते. वास येतो. आणि हासेगावा-सान उद्या येणार आहेत!"

"मला वाटलं, प्रकृतीला उतार पडत असेल," गुणवंतराव म्हणाले. "मी तर चांगलं पाणी देतोय."

"तेच ना, मशीनचंच देताय ना?"

नुपूर सोफ्यावर लोळत मंगा, म्हणजे जपानी कॉमिक, वाचत होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जपानीतच यायचं. पान उलटत ती म्हणाली, "आजोबा त्यांच्या तांब्यातलं देतात. रोज. आधी स्वतः पितात, मग त्याला."

"काय म्हणाली ती?" गुणवंतरावांनी विचारलं.

गुरुनाथ फोनवर शोधत होता. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त समुद्रफुलाच्याच गतीने ओसरलं. "तांबं विष आहे. माशांना थोडं चालतं. पण कणा नसलेल्या प्राण्यांना जहाल विष."

"कणा नसलेल्यांना?" गुणवंतराव म्हणाले. "मग जावईबापू, तुम्हीही बेतानेच घ्या."

"बाबा!" अनघा ओरडली.

"अगं, माझ्या वडिलांनी नव्वदीपर्यंत प्यायलं. विष म्हणे! ते मशीनचं प्रेत पाजून पाजून त्याला अशक्तपणा आलाय. उलट डोस वाढवायला हवा."

गुरुनाथने बाथरूममध्ये बादल्या मांडल्या, समुद्री मीठ कालवलं, खारटपणा मोजला, आणि दुपारपर्यंत अर्ध्याहून जास्त समुद्र बदलला. गुणवंतराव दारात उभे राहून सांगत होते की, अशी नासाडी त्यांच्या काळात झाली असती तर मेमो निघाला असता. संध्याकाळी समुद्रफुलाने दगड सोडला आणि ते सरकत सरकत मागच्या फटीत गेलं. त्यानंतर ते कोणाला दिसलं नाही.

"मेलं," गुरुनाथ म्हणाला.

"वास येत नाहीये," अनघा म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तिच्याकडे धीर देण्याची ही एकच पद्धत उरली होती.

रविवारी हासेगावा-सान आले. भेट म्हणून फुकुओकाची मसालेदार मेन्ताइको, म्हणजे माशांची अंडी, घेऊन आले. अनघाने ती दोन्ही हातांनी स्वीकारली, वाकली आणि तिसऱ्या डब्यात घातली. अर्ज टेबलावर मांडलेला होता. साहेब त्याच्याकडे न पाहता टाकीपुढे गुडघ्यावर बसले. मासे हीटरच्या मागे होते. ते पहिल्यापासून तिथेच राहायचे.

मग फटीतून हिरवी-तपकिरी बोटं बाहेर आली. टोकाला फुगे होते. गुरुनाथने श्वास सोडला. मग दगडाच्या दुसऱ्या बाजूने आणखी बोटं आली. त्यांनाही फुगे होते.

"मी एक ठेवलं होतं," हासेगावा-सान म्हणाले.

"हो."

"दोन आहेत."

"हो."

"दुभंगलंय." साहेब काचेच्या आणखी जवळ सरकले. "मी किती वर्षं वाट पाहत होतो, माझ्याकडे कधी झालं नाही." ते टेबलाशी आले, बसले, पेनाचं टोपण काढलं, आणि सही करता करता थांबले. "एवढंच सांगा, आगाशे-सान. काय केलंत?"

"काय विचारतायत?" गुणवंतराव म्हणाले.

"एकाचे दोन कसे झाले, विचारतायत बाबा. बसा तुम्ही."

गुणवंतराव उभे राहिले. "सांगा त्यांना. तांब्याचं पाणी. रोज सकाळी. पदरचं."

"सासरे म्हणतात," गुरुनाथने जपानीत भाषांतर केलं, "पाण्याच्या स्वच्छतेकडे आम्ही सगळ्यांनी मिळून लक्ष दिलं."

"असं नाही म्हणाले," नुपूर मंगातून डोकं वर न काढता म्हणाली. "तांब्याच्या भांड्यातलं पाणी म्हणाले. रोज सकाळी."

पेनाला टोपण लागलं. एवढा छोटा आवाज इतका स्पष्ट ऐकू येतो, हे आगाशे कुटुंबाला त्या दिवशी कळलं.

"हमीदार म्हणजे," हासेगावा-सान अत्यंत नम्रपणे म्हणाले, "या माणसाच्या वागण्याची हमी." मग पुढचं वाक्य तिथेच सोडून ते उठून टाकीपाशी गेले आणि अवघड प्रसंगी करायचे ते करू लागले, म्हणजे काच घासू लागले. काच घासायला चुंबकाची जोडी असते. एक तुकडा पाण्यात, एक बाहेर, बाहेरचा फिरवला की आतला मागोमाग येतो.

काहीतरी बिनसलंय, हे गुणवंतरावांना भाषेशिवाय कळलं. ते आत जाऊन तांब्या घेऊन आले. "साहेब, माल बघा आधी. मग बोला." आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी, थेट मेन्ताइको स्वीकारल्याच्या थाटात, पुढे केला.

हासेगावा-सानांनीही नम्रपणे दोन्ही हात पुढे केले. उजव्या हातात चुंबक होता. टक.

साहेबांनी चुंबक ओढून काढला. तांब्या उलटा केला, कोरलेलं नाव पाहिलं, आत पाहिलं. पुन्हा चुंबक जवळ नेला. टक. त्यांनी गुरुनाथकडे पाहिलं. गुरुनाथने अनघाकडे पाहिलं. अनघाने जमिनीकडे पाहिलं.

"बघितलंत?" गुणवंतराव उजळून म्हणाले. "केवढी ओढ आहे त्यात!"

नुपूरने तोंड उघडलं. अनघाने त्यात चकली घातली.

"सोऽऽ," म्हणजे 'असं होय', असं हासेगावा-सान म्हणाले, आणि त्यांनी तांब्या अतिशय आदराने परत केला. मग गुरुनाथला हळू आवाजात सांगितलं की, नव्या जागी हे प्राणी आकसतात, फार भरवलं की ओकतात, आणि एकदम पाणी बदललं की कधीकधी दुभंगतात. आणि पाण्याविषयी म्हणाल तर, सासऱ्यांना काही सांगायची आवश्यकता नाही; ते घालतात ते घालू देत. एवढं बोलून ते टेबलाशी बसले, टोपण काढलं आणि सही केली.

त्या संध्याकाळी गुणवंतरावांनी पुण्याला फोन लावून विभागातल्या जुन्या मंडळींचे मनापासून आभार मानले. तुम्ही दिलेलं भांडं पाहिल्यावर जपानचा एवढा मोठा अधिकारी मुकाट्याने सही करून गेला, असं त्यांनी प्रत्येकाला सांगितलं. पलीकडून बराच वेळ कोणी काही बोलेना, ते भारावले असतील असं त्यांना वाटलं.

तांब्याला लोहचुंबक चिकटत नाही.