शेपटीची गाडी

नाझारेनोने इंजिन निवडलं ते कानाने. माझा नवरा, अर्जेंटिनातल्या रोसारिओत आयुष्यभर सिटी बस चालवलेला माणूस. निवृत्त झाल्यावर आम्ही तीच जुनी बस घेऊन तिची घरगाडी केली. मेकॅनिकने बजावलं होतं, "भाऊ, आत ओटा, न्हाणी, पाण्याची टाकी, वर ही बाई. डोंगर चढायचा असेल तर टर्बो घ्या. उंचावर साध्या डिझेलला धाप लागते."

"टर्बो नुसतं शिट्ट्या मारतं," माझा नवरा म्हणाला, आणि त्याने ओळखीचं जुनं साधं इंजिनच बसवून घेतलं. चाचणी घेतली आमच्या गावात, जिथे डोंगर म्हणजे स्पीडब्रेकर.

घरगाडीवाल्यांच्या ताफ्याची एक रीत आहे. सगळ्यांत कमजोर गाडी पुढे, म्हणजे कुणी मागे राहत नाही. सगळ्यांत दमदार गाडी शेपटीला, कुणी बंद पडलं तर ओढायला. अँडीजचा घाट चढायच्या आदल्या संध्याकाळी, पायथ्याच्या उस्पायाता गावात मांस भाजत असताना आमचा म्होरक्या तुलिओ एकेकाला इंजिन विचारत होता.

"टर्बो," नाझारेनो म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो निखारे सारखे करत होता.

"मग शेपटी तुझी. मी पुढे जाऊन सरहद्दीच्या नाक्यावरचं बघतो," तुलिओ म्हणाला. "देल्फिनाबाईंना सांभाळ. दुपारी त्यांच्या नातवाचा बाप्तिस्मा आहे पलीकडे, चिलीत."

गाडीत शिरल्यावर मी म्हटलं, "आत्ता जाऊन खरं सांग."

"इतक्या लोकांत? आणि चढेल गं ती."

चढली कसली. सरहद्दीच्या बोगद्याच्या अलीकडे आमचीच गाडी काळा धूर ओकत रांगत होती, आणि तिथेच देल्फिनाबाईंची छोटी गाडी बंद पडली. बाकीचे शेपटीच्या भरवशावर पुढे निघून गेले होते. बाई इस्त्रीच्या निळ्या पोशाखात खाली उतरल्या. नाझारेनोने त्यांची गाडी दोराने आमच्यामागे बांधली आणि ॲक्सिलरेटर पार खाली दाबला. गाडी हलेना. त्याने पुन्हा दाबला, मग पुन्हा. शेवटी आम्हीच मागे घसरायला लागलो, तेव्हा बाईंनी धावत येऊन आमच्या चाकांमागे दगड लावले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी वॉकीटॉकी त्याच्या हातात दिला.

"तुलिओ," तो म्हणाला, "टर्बो नाहीये. मी खोटं बोललो."

मग तुलिओ म्हणाला, "हँडब्रेक लाव. मी नाका ओलांडलाय. परत यायला वेळ लागेल."

तो आला तोवर दुपार उलटली होती. त्याने आधी बाईंची गाडी ओढली, मग आमची. आम्ही नाक्यावर पोचलो तेव्हा देल्फिनाबाईंचा फोन वाजत होता. त्यांनी तो उचलला, तर आतून त्यांच्या लेकीचं रडणं आम्हालाही ऐकू येत होतं. पाद्री थांबला नव्हता.

नाझारेनो टोपी काढून बाईंसमोर उभा राहिला. काय बोलायचं ते त्याने घोकून ठेवलं असणार. बाईंनी हातानेच त्याला थांब म्हटलं.

"माझीच गाडी जुनी गं," त्या फोनवर म्हणाल्या. "दोष कुणाचा नाही. उलट इथल्या एका भल्या माणसाने ओढायचा खूप प्रयत्न केला."

नाझारेनोने मान खाली घातली. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर त्याने त्या आनंदाने झेलल्या असत्या.