पाच कमानींचा पूल

दैवशाला सरपंच झाली आणि हात धुऊन मागं लागली ती कालव्यावरच्या दगडी पुलाच्या. निजामाच्या काळातला पूल, पाच कमानी, सांध्यात खिळा शिरणार नाही अशी घडाई. दगडादगडावर घडवणाऱ्यानं आपली खूण कोरलेली, कुठं मासा, कुठं चंद्र. गावाला त्याचं काय? गाव त्यावर गोवऱ्या थापायचं. दैवशालानं अर्जांवर अर्ज केले, पुलाला वारसा म्हणून संरक्षण मिळवलं. निळी पाटी लागली तेव्हा तिनं पेढे वाटले.

पाटी नीट वाचली ती नंतर. पूल रुंद करायचा नाही, जवळपास नवा बांधायचा नाही. आणि पूल तर बैलगाडीपुरताच. पलीकडच्या वस्तीला दुसरी वाट नव्हती, मागं नदी होती. त्याच वस्तीत दैवशालाचं घर. सासूला, साळूबाईला, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जालन्याला न्यावं लागे. एक खेप चुकली की म्हातारीला धाप लागायची. अँब्युलन्स गावाकडच्या तोंडाशी थांबायची आणि चौघं जण बाज उचलून पूल ओलांडायचे.

"तूच अडकवलंस, तूच सोडव," नवरा अंगद एक दिवस म्हणाला. "पूल खचून राह्यला म्हणून लिही. धोक्याचा म्हणलं की पाडून नवा बांधतेत."

"खचला न्हाई तो."

"मंग मायला असंच उचलत राहू?"

तीन दिवस तिनं कागद पुढं ओढला आणि मागं सारला. चौथ्या दिवशी लिहून शिक्का मारला. स्वतःची लाज वाटली, पण मारला.

एरवी वर्षभर न हलणारी कचेरी आठ दिवसांत हलली. मंगळवारी बाज घेऊन आले, तर पुलाच्या दोन्ही तोंडांना पुरुषभर उंच लोखंडी जाळी, वर काटेरी तार. सकाळीच माणसं येऊन लावून गेली होती. कागद डकवला होता: सरपंचांच्या पत्रावरून पूल धोकादायक, तपासणी होईपर्यंत पायी जाण्यासही बंद. तपासणी कधी, ते लिहिलं नव्हतं.

अंगदनं जाळीच्या दाराचं कुलूप हिसकून पाहिलं. पलीकडून अँब्युलन्सचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

साळूबाईनं बाजेवरून हात लांबवून जाळीबाहेर आलेल्या कठड्याचा दगड चाचपला. "चांगला घट्ट हाय की. कोन्या मेल्यानं लिवलं गं?"

दैवशाला बाजेशी वाकली. "म्या लिवलं, आत्या."

साळूबाईनं दगडावरचा हात काढला नाही.

"मंग जल्दी दुसरं लिव," ती म्हणाली. "तवर थांबते मी."