गालिच्यावरची हाक

दमयंतीने खोलीत पाय ठेवला तसा तो मऊ लाल गालिच्यात रुतला. पंखा गरगरत होता, टेबलावर फळांचं तबक होतं, न्हाणीघरात नळ सोडला की ऊन पाणी. अनंतराव एकेक वस्तू अशी दाखवत होते, जणू हाटेल त्यांनीच बांधलं.

"आदिलाबादच्या तालुकदारालाबी असं भेटत नाही! काय?"

"छान आहे," ती म्हणाली. गेल्या सहा महिन्यांत ती सगळ्यालाच छान आहे म्हणत आली होती. म्हणायला काही लागत नव्हतं.

जिनिंगवाल्या शेटजींची हैदराबादच्या कोर्टात पेशी होती आणि त्यांचे वकील म्हणून अनंतरावांची सोय त्यांनी इथं केली होती. मला शहर बघायचंय, असा हट्ट धरून ती दीड वर्षाच्या कुमुदिनीला घेऊन सोबत आली. चारमिनारचं तिला काही नव्हतं. कानाच्या डॉक्टरांचा पत्ता तिच्या ट्रंकेत साड्यांच्या तळाशी होता.

आदिलाबादेत त्यांचं बिऱ्हाड माडीवर. जमीन सागाच्या फळ्यांची. अनंतराव कचेरीतून येऊन जिना चढले की कुमू वळून हसायची. दमयंतीने पहिल्यांदा शंका काढली, तेव्हा सासूबाईंनी, रमाबाईंनी, पोरीच्या पाठीमागं पितळी परात फळ्यांवर आदळली. पोर गर्रकन वळली.

"बघा! कान शाबूत हायेत. कालेजात हेच शिकवलं का, धडधाकट लेकरात खोट काढायचं?"

त्यानंतर जो कोणी येईल त्याला परातीचा खेळ दाखवायचा, हा घरचा रिवाजच पडला. पण दमयंतीने खाली दगडी ओट्यावर पाहिलं होतं. शेजारच्या महिपतचा बैल घुंगरं वाजवत अगदी मागून गेला आणि पोरीची मान हलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अनंतराव खटला जिंकून आले. टोपी पलंगावर फेकून म्हणाले, "आवर. सकाळच्या गाडीनं निघू. मुदखेडला बदलली की रात्री घरी."

"एक दिवस थांबू ना. डॉक्टर दहाला बसतात."

"पुन्हा तेच! काऊन चांगल्या पोरीला आजारी करून राह्यली तू?"

"नसेल काही तर उद्या हसा मला. आता तुमीच हाक मारा तिला."

कुमू गालिच्याच्या मधोमध पाठमोरी बसून संत्र्याची साल फाडत होती. दाराकडून अनंतरावांनी लाडानं हाक मारली, "कुमे! ए कुमाबाई!"

खाली रस्त्यावर मोटारी भोंगे वाजवत होत्या, टांगेवाले भांडत होते. कुमू साल फाडत होती.

"खेळात गुंगली आहे," ते हसून म्हणाले. दोन पावलं पुढं येऊन त्यांनी टाळी वाजवली. मग आणखी पुढं येऊन. मग तिच्या डोक्यामागं, कोर्टात लावतात तो आवाज लावून, "कुमुदिनी!"

काही नाही.

त्यांनी जेवणाच्या ताटावरचं चांदीचं झाकण उचललं आणि त्यावर चमचा हाणला. एकदा, दोनदा, मग हाणतच राहिले. पलीकडच्या खोलीतून कोणी ओरडलं, "अरे क्या तमाशा है भई!"

कुमूने सालीचा तुकडा गुडघ्यावर ठेवला, पाहिला, पुन्हा उचलला.

अनंतरावांचा हात थांबला. "घरी तर वळते," ते म्हणाले. "मी आलो की वळते."

"घरी फळ्या आहेत. तुमचं पाऊल तिला बसल्या जागी अंगाला जाणवतं. परातही तशीच. इथं गालिचा आहे."

"तुला कधीपासून ठाऊक?"

"सहा महिने."

"सांगितलं काऊन नाही?"

"सांगितलं होतं. तुमी म्हणालात, बघ, वळली."

हे ती रागानं म्हणाली नाही. राग कुठं ठेवला होता तेही तिला आठवत नव्हतं. ती फक्त त्यांच्या तोंडाकडं बघत होती. हा माणूस आता गाडीत बसवतो की थांबतो, एवढंच बघायचं होतं.

"आईला काय सांगायचं?" त्यांनी विचारलं.

दार वाजलं. आवाज ऐकून बेअरा आला होता. पांढरा साफा, मान लववलेली. "साब, सब खैरियत? सुबह का टांगा कितने बजे? काचीगुडा स्टेशन ना?"

अनंतराव पोरीकडं बघत राहिले. बेअऱ्याने पुन्हा विचारलं.

"स्टेशन नक्को," ते म्हणाले. "दवाखाना. दस बजे."

बेअरा सलाम करून गेला. झाकण अनंतरावांच्या हातातच होतं, आणि ते कुठं ठेवावं हे त्यांना सुचत नव्हतं.

हे शब्द ऐकले की आपल्याला रडू फुटेल, असं दमयंतीला वाटलं होतं. ती थोडी थांबली. काही आलं नाही. कुमूने साल तोंडात घातलेली तिला दिसली. ती खाली बसली आणि बोट घालून तिने ती काढली.