दोन लेन्स, एक रविवार

लेन्स निवडणं हे मुलगी बघायला जाण्यापेक्षा अवघड, असं मिनलचं ठाम मत झालं होतं. मुलीला निदान चार प्रश्न विचारता येतात. लेन्स नुसती डोळा वटारून बघत राहते आणि आपणच आपल्याला प्रश्न विचारत बसतो.

संत तुकाराम नगरातल्या त्यांच्या घरात रविवारी सकाळी पलंगावर दोन लेन्स मांडलेल्या होत्या. एक थर्मासएवढी लांब, दुसरी आमटीच्या वाटीएवढी. कॅमेरा मिनलचा, दोन्ही लेन्स धम्मरत्नच्या. धम्मरत्न चाकणच्या कंपनीत मिनलबरोबर तपासणी विभागात होता आणि सुट्टीच्या दिवशी लग्नांचे फोटो काढायचा. जुन्या लेन्स त्याला विकायच्या होत्या. रविवारभर दोन्ही वापरून बघ, एक ठेव, एक सोमवारी परत आण, असं त्याने सांगितलं होतं. सल्लाही फुकट दिला होता. रोज बाहेर फिरताना फोटो काढायचे असतील तर डोळे झाकून छोटी घे. गळ्याला ओझं नाही, लोक बिचकत नाहीत, रस्ता, झाड, चहाची टपरी, सगळं एका फोटोत मावतं. लांब लेन्स हौसेने घेतात आणि मग ती कपाटात झोपते.

सल्ला शहाणपणाचा होता. मिनलने तो मान हलवत ऐकला आणि मनातल्या मनात बाजूला ठेवून दिला, कारण तिला लेन्स स्वतःसाठी नकोच होती. तिला ती बाबांसाठी हवी होती.

तिचे बाबा, भिवा, भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये ग्राइंडिंग मशीनवर उभे राहून म्हातारे झालेले. निवृत्तीनंतर त्यांच्या डोळ्यांनी विचित्रच खोड काढली. डोळ्यातल्या पडद्याच्या नेमक्या मधोमध बिघाड झाला, आधी एका डोळ्यात, मग दुसऱ्यात. ज्याच्याकडे बघावं तेच नाहीसं होऊ लागलं. घड्याळाकडे बघितलं तर भिंत दिसे, घड्याळ नाही. माणसाकडे बघितलं तर खांदे दिसत, मागचं दार दिसे, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता राखाडी डाग. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की गेलेलं परत येणार नाही, पण कडा अजून चांगल्या आहेत. समोरच्या माणसाच्या थोडं बाजूला बघायला शिका, म्हणजे तो कडेने दिसेल. सरावाने जमतं.

बाबांनी ते साफ नाकारलं. डॉक्टरांना वाटलं, म्हातारा हट्टी आहे. हट्टी ते होतेच, पण कारण वेगळं होतं. त्यांचे वडील गावात लोकांसमोर जमिनीकडे बघत उभे राहायचे, तशी रीतच होती. वर बघितलं की शिवी पडायची. त्याच वडिलांनी पोराला शहरात धाडताना एकच गोष्ट बजावली होती, की आता कुणाशीही बोलताना नजरेला नजर द्यायची. बाबांनी ते आयुष्यभर पाळलं. फोरमनशी, मालकाशी, पोलिसाशी, सगळ्यांशी ते सरळ डोळ्यांत बघून बोलले. आता म्हातारपणी माणसाला सोडून भिंतीकडे बघत बोलायचं, हे त्यांना मरणाहून वाईट वाटत होतं.

त्यापायी ते घरात बसले. विहारात जाणं बंद, कॉलनीच्या बागेतला कट्टा बंद. ओळखीचा माणूस पुढ्यात येऊन उभा राहिला तरी आवाज येईपर्यंत कळत नाही, याची त्यांना लाज वाटायची. आणि वर्ष उलटून गेलं तरी त्यांनी पोटच्या पोरीचा चेहरा बघितला नव्हता. घरात याबद्दल कोणी बोलत नसे. एकदा मिनल कामावरून आली आणि काही न बोलता त्यांच्यासमोर खाली बसली. त्यांनी सरळ तिच्या डोळ्यांत बघितलं आणि विचारलं, "केसर, चहा ठेवलास का?" केसर म्हणजे तिची आई. मिनल उठली आणि चहा ठेवायला गेली. त्या दिवसापासून तिने एकच ध्यास घेतला, की बाबांना काहीतरी दिसलं पाहिजे, आणि जमलं तर मीही दिसले पाहिजे.

हिशोब सरळ होता. लांब लेन्सने दूरचं जवळ येतं, जवळचं टीव्हीवर मोठं होतं, आणि इतकं मोठं झालं की ते डागाच्या बाहेर येईलच. शनिवारी संध्याकाळी तिने दोन्ही लेन्सची परीक्षाही घेतली होती, कंपनीच्या पद्धतीने. गच्चीच्या भिंतीला वर्तमानपत्र चिकटवलं, दोन्हींनी फोटो काढले आणि मधली अक्षरं मोठी करून बघितली. लांब लेन्सची अक्षरं कोरून काढल्यासारखी आली. छोटीची चांगली होती, पण तेवढी नाही. कोपरे तिने बघितलेच नाहीत. कामावर ड्रॉइंगमध्ये जिथे माप दिलेलं असतं तिथेच ती पार्ट मोजायची, बाकीच्या पार्टकडे ढुंकून बघायची नाही. इंटरनेटवरची माणसंही हेच सांगत होती की लेन्स मधोमध तपासायची, कोपऱ्यात कोण बघतंय.

चहा झाल्यावर ती आईला स्कूटरवर मागे बसवून कासारवाडीच्या मागे नदीवर गेली. केसरबाईंना फोटोत रस नव्हता. पण पोरगी एवढी महाग वस्तू घेऊन एकटी नदीवर जाणार, हे त्यांना पटलं नव्हतं. वाटेत त्यांनी दोनदा विचारलं की फोनमध्ये फोटो निघतात ना.

पुलाजवळ चिखलात पक्षी होते. त्या पुलावरून कंपनीच्या बसने मिनल शेकडो वेळा गेली असेल. वास आला की नाकाला ओढणी लावायची, एवढाच तिचा नदीशी संबंध. लांब लेन्स डोळ्याला लावली आणि ती जागच्या जागी थिजली. काळ्यापांढऱ्या शेकाट्याचे काडीसारखे पाय गुलाबी होते. नुसते गुलाबी नाहीत, कोणीतरी आत्ताच रंगवून पाण्यात उभे केल्यासारखे. डोळा लालबुंद. चोचीच्या टोकाला पाण्याचा थेंब लटकला होता आणि त्या थेंबात ऊन होतं. हे इथे होतं, कारखान्यांच्या पाण्यात, जलपर्णीच्या कडेला, आणि ते तिला आजवर दिसलं नव्हतं. तिला स्वतःची शरमही वाटली आणि हसूही आलं.

"आई, बघ तू," म्हणून तिने कॅमेरा आईच्या डोळ्याला लावला. केसरबाईंनी दुसरा डोळा घट्ट मिटून बघितलं. मग म्हणाल्या, "याचा डोळा केवढा गं. माझ्याकडेच बघतोय की."

मिनलने मग धडाकाच लावला. शेकाट्या, तारेवरचा खंड्या, चिखलात ध्यान लावून बसलेला बगळा. प्रत्येक फोटोत पक्षी मधोमध, डोळा सुईच्या टोकासारखा स्वच्छ, मागे सगळा हिरवा धूर. तिला वाटलं, बाबांना हे दिसलं तर ते खुर्चीतून उठून उभे राहतील.

निघताना केवळ धम्मरत्नला काहीतरी सांगता यावं म्हणून तिने छोटी लेन्स लावली. तिचं छिद्र बारीक केलं, म्हणजे जवळचं आणि दूरचं सगळं सारखं स्वच्छ येतं, आणि कॅमेरा आईच्या हातात दिला. कुठलं बटण दाबायचं ते दाखवून ती दोन पावलं मागे सरकली. केसरबाईंनी कॅमेरा नदीवर धरला आणि पोरीला फोटोच्या पार डाव्या कडेला ढकललं. "मधे घे मला," असं मिनल म्हणेपर्यंत बटण दाबलंही गेलं होतं. फोटोत मधोमध नुसतं पाणी, वर पूल, खाली जलपर्णी आणि डावीकडे काठाला चिकटलेली मिनल, एक खांदा कापलेला. घरी गेल्यावर काढून टाकू, असं तिने ठरवलं.

घरी बाबांची खुर्ची टीव्हीच्या अगदी पुढ्यात ओढली. पहिला फोटो लागला, पडदाभर शेकाट्या. मिनल टीव्हीकडे बघतच नव्हती, ती बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होती. ते सरळ, ताठ, पडद्याच्या मध्यावर नजर रोवून बसले होते.

"छान आहे," बाबा म्हणाले.

मिनलला ते 'छान' ओळखीचं होतं. शेजारी तब्येत विचारायला येत तेव्हा बाबा हाच शब्द वापरायचे. तिने दुसरा फोटो लावला, तिसरा लावला. खंड्यावर त्यांनी विचारलं, "झाड आहे का?" फोटोत झाड नव्हतंच, मागचा हिरवा धूर होता. तो तेवढा त्यांना दिसत होता. पक्षी जितका मोठा करून तिने मधोमध आणला होता, तितका तो नेमका त्या डागाखाली जाऊन बसला होता. केसरबाई पदराने हात पुसत उभ्या राहिल्या. मिनलला रडू फुटायच्या बेतात होतं. बाबांना ते कळू नये म्हणून ती भराभर बटणं दाबत फोटो पुढे सारू लागली, आणि पक्षी संपून तो वेडावाकडा नदीचा फोटो आला.

"थांब," बाबा म्हणाले.

ती थांबली.

"हा कासारवाडीचा पूल. वर कठड्याला रंग दिलाय नवा. खाली जलपर्णी आहे, तिला फुलं आलीत जांभळी." ते सावकाश, एकेक वस्तू उचलून ठेवावी तसं बोलत होते. मिनलने पडद्याकडे बघितलं. फुलं होती. अगदी खालच्या काठाला, तिच्या लक्षातही न आलेली. आणि त्या छोट्या लेन्सने ती मधल्या पाण्याइतकीच स्वच्छ टिपली होती.

बाबांची नजर पडद्याच्या मध्यावरच होती, जिथे पाण्याशिवाय काही नव्हतं. पण त्यांचा चेहरा बदलला होता.

"डावीकडे उभी आहे ती तू ना मिने?"

मिनलने नुसती मान हलवली. केसरबाई म्हणाल्या, "हो, तीच आहे."

"तुला आईची हनुवटी आली," बाबा म्हणाले. "गालाची हाडंसुद्धा तीच. लहानपणी नव्हतीस अशी."

"माझी हनुवटी कुठे तशी," केसरबाई म्हणाल्या.

"तुझी नव्हे. माझ्या आईची."

बाबांची आई गावी वारली तेव्हा त्यांच्या वस्तीत कॅमेरा कोणी बघितलेला नव्हता. तिचा एकही फोटो नाही. केसरबाई लग्न होऊन आल्या त्याच्या आधीच ती गेलेली. तो चेहरा बघितलेलं घरात एकच माणूस होतं, आणि आता तेच माणूस आंधळं होत चाललं होतं. मिनल उठून टीव्हीजवळ गेली. रोज आरशात बघून तिला आपली हनुवटी फार पुढे वाटायची. आज तिने ती पहिल्यांदा नीट बघितली आणि तिचे डोळे भरून आले. कुठल्याशा गावातली, नजर जमिनीला लावून वावरलेली एक बाई पुलाच्या कडेला उभी राहून सरळ कॅमेऱ्यात बघत होती.

लांब लेन्स तिने तिथल्या तिथे पिशवीत घातली. पण लेन्सपेक्षा मोठी गोष्ट अजून राहिली होती आणि ती कशी बोलावी हे तिला सुचत नव्हतं. शेवटी ती बाबांच्या खुर्चीसमोर येऊन खाली बसली.

"बाबा, आत्ता तुम्ही फोटोत कुठे बघत होता?"

"मधे. पाण्याकडे."

"आणि मी कुठे दिसले?"

बाबांना कळलं होतं. डॉक्टर सांगत होते तेच त्यांनी आत्ता नकळत केलं होतं, आणि तेही मान ताठ ठेवून. पण फोटोची गोष्ट वेगळी, फोटोचा अपमान होत नाही. समोर आता पोरगी होती, जिवंत, आणि ते सवयीने सरळ तिच्या डोळ्यांत बघत होते, म्हणजे त्या डागात बघत होते. त्यांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट झाले. मग त्यांनी नजर हळूच हलवली, तिच्या कानाशेजारून पलीकडे, दाराच्या चौकटीवर, आणि तिथे धरून ठेवली. ते त्यांना किती जड गेलं हे मिनलला दिसत होतं.

"तुझ्याकडे बघत नाहीये असं समजू नकोस," ते म्हणाले.

"नाही समजत," मिनल म्हणाली, आणि त्यांना नीट दिसावी म्हणून तिने हनुवटी जरा वर उचलून धरली.