पोरांना नादी लावायचं काम

चंपामावशीनं परातीत लसणाचे गड्डे ओतले, सोळा पोरांना परातीभोवती बसवलं आणि स्वयंपाकघराचं दार आतून ओढून घेतलं.

“तर माजा आजा,” ती म्हणाली, “नागफणीच्या टोकावर बकरी चारत व्हता. वरनं इमान आलं. एवढं खाली, एवढं खाली, की बकरीनं त्याच्या चाकाचा रबर खाल्ला.”

“मग?” धाकट्या समर्थनं विचारलं.

“मग काय! पायलटनं काच खाली केली आन् म्हनला, आबा, पंचर काढनारा हितं कुटं भेटंल?”

पोरं खिदळली. चंपा हसली नाही. तिचा कान मागच्या अंगणात होता. तिथं गाडी उभी होती, बॅगा चढवून झाल्या होत्या. गाडी हलल्याचा आवाज आला की मनात पन्नास मोजायचे आणि मग पोरांना बाहेर सोडायचं. कुरवंड्याच्या या मिशनच्या वसतिगृहात नऊ वर्षं असंच चाललं होतं. परदेशातून आलेलं माणूस परत निघालं की चंपानं पोरांना नादी लावायचं आणि त्या माणसानं मागच्या दारानं सटकायचं. शेतावर निघालेली आई तान्ह्याला चुकवून जाते, तसं. रडारड नको, असं पास्टर शांतवन म्हणायचे.

पुढं महिनाभर पोरं विचारायची, कधी येणार? त्याचीही उत्तरं चंपाकडंच. मार्टिनदादाचं जहाज एका माशानं अडवलं होतं आणि तो मासा सरकारी कागद दाखवल्याशिवाय हलत नव्हता. कोरियाच्या दोघांना तर तिनं बर्फात असं गाडलं होतं की तीन उन्हाळे झाले तरी ते निघाले नव्हते.

आज इल्साआजीची पाळी होती. जर्मनीहून आली, चार वर्षं राहिली. व्हिसा संपला होता, पुन्हा मिळणार नव्हता.

आणि एक तारखेला चंपा स्वतः. गुडघे गेले होते, मुलगा सुरज सुदुंबऱ्याला बोलावत होता. पास्टर सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. पोरांना सांगायचं नाही, असंच ठरलं होतं. पण त्या दिवशी पोरांना आत धरून ठेवणार कोण? या एका विचारानं आठ दिवस तिला घास गोड लागत नव्हता.

गाडी काही सुरू होईना.

“मावशी, बकरीचं काय झालं?”

“ती व्हय... ती गेली ममईला.” चंपानं लसणाची पाकळी सालीसकट भांड्यात टाकली.

दार बाहेरून ढकललं गेलं. इल्साआजी उभी होती, प्रवासाचे बूट घालून. मागं पास्टर, घड्याळाकडं बघत.

“आजी, उशीर होतोय.”

“होऊ दे.”

ती पोरांमध्ये खाली बसली. बसायला तिला वेळ लागला.

“मी आज घरी जाते,” ती अडखळत्या मराठीत म्हणाली. “जर्मनीला. मी परत येणार नाही. मला येता येणार नाही. हे मला तुम्हाला सांगायचं होतं.”

चंपानं परातीची कड घट्ट धरली. आता छप्पर उडतंय, असं तिला वाटलं. छप्पर काही उडालं नाही. समर्थ तेवढा मुसमुसायला लागला. कुणीतरी विचारलं, फोन करणार का? रविवारी, ती म्हणाली. एकीनं सोललेला लसूण तिच्या कोटाच्या खिशात घातला. “इमानात वास यील गं,” दुसरी म्हणाली, आणि आजी डोळे पुसता पुसता हसली. मग सगळे तिला घेऊन पुढच्या फाटकाकडं गेले. गाडीही वळसा घेऊन तिथंच आली.

चंपा गेली नाही. शेगडीपाशीच उभी राहिली. तिचं काम तिच्याशिवाय झालं होतं.

पहिली परत आली ती अपेक्षा, औंढ्याची, दहा वर्षांची. येऊन परातीपाशी बसली, लसूण सोलायला लागली.

“रडली न्हाईस?”

“रडले की. फाटकापाशी.” मग थोड्या वेळानं, “मार्टिनदादांचा मासा खोटा हाय, ते आमाला तवाच कळलं व्हतं.”

“मग बोलला न्हाईत ते?”

“तुमाला लय बरं वाटायचं सांगताना.”

चंपानं गॅस बारीक केला. तो आधीच बारीक होता.

“मावशी, तुमी कवा जानार?”

“मी? मी कुटं जातीय! चार दिस सुदुंबऱ्याला जाऊन यीन. तितं एक म्हैस हाय, ती माज्याबिगर...”

“रविवारी सुरजदादा तुमचा पाटा-वरवंटा मोटारसायकलवर बांधून घिऊन गेले. चार दिसासाठी कुनी पाटा नेतं व्हय?”

चंपाचं तोंड उघडं होतं. म्हैस तिथंच उभी होती, शिंगं रंगवून, झूल घालून, एका शब्दाची वाट बघत. चंपानं तोंड मिटलं.

“आनि कुनाला ठाव हाय?”

“मला एकटीलाच. म्या न्हाई सांगनार कुनाला. त्या दिशी समर्थला मी नादी लावीन, तुमी जावा.”

बाहेर फाटकाची कडी वाजली. पोरं परत येत होती. चंपानं हात पदराला पुसले, पुन्हा पुसले.

“जा, समद्यास्नी हितं बोलव. समर्थला म्होरं बसव.”

“गोष्ट हाय म्हनून सांगू?”

“नगं,” चंपा म्हणाली. भिंतीला हात टेकत ती खाली बसली, आणि पोरं यायच्या आत तिनं परात बाजूला सारली.